बेडसे लेण्यांपासून बेनापोलपर्यंत : शेजारी देशांतील व्यापाराचा एक अभ्यास

पवनानगरहून कामशेतकडे जाताना वाटेत बेडसे गाव लागते. गावाच्या पाठीशी असलेल्या डोंगरात पायऱ्या चढून गेले की चैत्यगृहाचे ते प्रसिद्ध स्तंभ दृष्टीस पडतात. त्यांच्या शिरोभागी हत्ती, घोडे व बैल आणि त्यांवर आरूढ झालेली जोडपी आहेत. दरवर्षी आम्ही वसतिगृहातील मुलांना तेथे घेऊन जातो. मुले स्तंभ पाहतात, चैत्यगृहातील घुमणारा आवाज ऐकतात आणि डबा उघडण्याची घाई करतात. ओवरीतील एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीत कोरलेली एक छोटी ओळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. नाशिकच्या आनंद नावाच्या श्रेष्ठीचा पुत्र पुष्पणक याचे हे दान आहे, एवढेच त्या ओळीत सांगितले आहे.

डिसेंबर २०२३ च्या सहलीत या ओळीपाशी उभे असताना निफाडकडून शिकावयास आलेल्या एका मुलाने आम्हास विचारले, "गुरुजी, तेव्हा नाशिकचा माल इथपर्यंत येत होता. मग आता आमचा कांदा बांगलादेशात का जाऊ देत नाहीत?" कांद्याची निर्यातबंदी लागू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्याच्या गावाकडील बाजार समित्यांत लिलाव बंद पडल्याची बातमी त्याला घरून दूरध्वनीवर समजली होती. त्या क्षणी आम्ही जे उत्तर दिले, त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्याच उत्तराचा दुसरा प्रयत्न होय.

शेजारी राज्यांतील व्यापार कशाने वाढतो आणि कशाने खुंटतो, हे समजून घेण्यास आपला मावळ हे फार चांगले पाठ्यपुस्तक आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत हा मुलूख दोन सत्तांच्या ओढाताणीत सापडला होता. उत्तरेकडून क्षहरात क्षत्रप नहपान याची सत्ता नाशिक, जुन्नर, कार्ले या भागांपर्यंत पोहोचली होती. दुसऱ्या बाजूस पैठणचे सातवाहन होते. आणि या दोहोंच्या मधून कोकणातील बंदरांचा माल बोरघाटाने व नाणेघाटाने देशावर चढत होता. कल्याण, चौल आणि सोपारा येथे उतरलेले सामान बैलांच्या पाठीवर घाट चढे आणि जुन्नर, पैठण, तेर या पेठांकडे जाई. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी या वाटांच्या आसपासच आहेत, हा काही योगायोग नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दात्यांची नावे वाचली तर तेथे वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल भेटतो. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी. धेनुकाकट येथील यवन भेटतात, तेथीलच एक गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी भेटतो, व्यापाऱ्यांच्या संघाने दिलेला एक स्तंभ आढळतो. पुलुमावीच्या चोविसाव्या राज्यवर्षातील एका लेखात हरफरण हे नाव येते. ते तर सरळ इराणी वळणाचे आहे.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात एका ग्रीकभाषी खलाशी-व्यापाऱ्याने पहिल्या शतकातील हिंदी महासागराच्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली आहे. कल्याणविषयी तो असे सांगतो की, पूर्वीच्या राजाच्या काळी ते कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली आणि तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला. एखादे ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलेच, तर त्यास पहाऱ्यात भडोचला नेले जाई. भडोच हे नहपानाच्या ताब्यातील बंदर. शेजाऱ्याच्या बंदरात उतरणारा माल आपल्या बंदरात वळवावा, म्हणजे जकात आपल्याला मिळेल, असा हा साधा हिशेब होता.

या हिशेबाची किंमत कोणी मोजली? त्याच ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, आणखी दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेले जाई, असे तो लिहितो. नकाशावर बोट ठेवून पाहावे. तेरच्या विणकराला कल्याण पुष्कळ जवळ होते. दोन सत्ताधीशांच्या स्पर्धेत त्याचे कापड कित्येक दिवस अधिक प्रवास करू लागले. त्या अधिक दिवसांचा चारा, गाडीवानाची मजुरी आणि वाटेतील लुटीची भीती यांची भर मालाच्या किमतीत पडली असणार, किंवा विणकराच्या मोबदल्यातून ती वजा झाली असणार. ग्रंथकार याविषयी काही सांगत नाही; हे अनुमान आमचे आहे. पण निफाडच्या त्या मुलाला ते पटकन कळेल, असे वाटते.

आता या काळातील दुसरी घटना पाहू. ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. तसा लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कोरलेला आहे. पुढे नहपानाचा पराभव होऊन हा प्रदेश सातवाहनांकडे आला. विजेत्याने शत्रूच्या जावयाचे दान रद्द केले असते तर त्यात कोणास नवल वाटले नसते. परंतु त्याच दर्शनी भागावर सातवाहन राजाची आज्ञाही कोरलेली आहे. मामल येथील अमात्यास उद्देशून ती काढली आहे. मामल म्हणजे आपला मावळ. या नावाचा इतका जुना लेखी पुरावा आपल्या घराशेजारी आहे, हे आमच्या मुलांना सांगताना आम्हांस नेहमी आनंद होतो. मामलाहारातील करजक गाव वलूरक येथील भिक्षूंना दिले असून अधिकाऱ्यांनी त्या गावात शिरू नये, तेथे मिठासाठी खोदकाम करू नये, अशा सवलती त्या आज्ञेत आहेत. सीमा हलली, राजा बदलला, पण गावाचे उत्पन्न ज्यांच्याकडे जात होते त्यांच्याकडेच ते जात राहिले.

दानाचा आणि व्यापाराचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. त्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्याकडे जावे लागते. तेथे याच उषवदाताचा लेख आहे आणि गणिताच्या तासाला आम्ही तो फळ्यावर मांडतो. त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा, म्हणजे बरोबर २४०. हिशेब जुळला की वर्गातील मुले हसतात. इतक्या जुन्या दगडावरचे गणित अजून चुकत नाही, याची त्यांना गंमत वाटते. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, हेही लेखात स्पष्ट आहे; आणि हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून नोंदवहीच्या फलकावर लिहून घेतल्याचेही त्यात सांगितले आहे.

विणकरांच्या हाती आलेले हे भांडवल होते. राजकुळातील माणूस आपले पैसे कारागिरांच्या संघाकडे ठेवतो, याचा अर्थ तो संघ राजापेक्षा टिकाऊ आहे असा त्याचा विश्वास असला पाहिजे. याच लेखात सोने व चांदी यांचा भावही दिला आहे : एक सुवर्ण म्हणजे पस्तीस कार्षापण. दोन प्रकारच्या नाण्यांचा विनिमयदर जाहीरपणे कोरून ठेवलेला असल्यावर पुढे भांडणास जागा राहत नाही.

नाण्यांचा विषय निघाला आहे तर जोगळटेंभीचा उल्लेख टाळता येत नाही. नाशिकजवळील या गावी १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सारी नाणी नहपानाची. मात्र त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ती वितळवून नवी पाडता आली असती. तसे न करता शत्रूच्या मुद्रेवरच आपली मुद्रा उमटवली गेली. विजयाची जाहिरात त्यात होतीच. पण ज्या व्यापाऱ्याच्या गाठीला ती नाणी होती, त्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट मोठी होती : त्याची चांदी राजा बदलल्यावरही चालत राहिली. पैशाची खरेदीशक्ती स्थिर असणे हे सामान्य माणसाच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रुपयाचा प्रश्न' या इंग्रजी ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. आपल्या मावळातच तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आपण जयंतीच्या भाषणांत फार थोडे आणतो, अशी आमची खंत येथे ओघात नोंदवून ठेवतो.

येथवर जे पाहिले त्यावरून आमचे मत असे झाले आहे. शेजाऱ्याशी व्यापार वाढण्यासाठी स्वस्त माल व जवळचा रस्ता पुरेसा नसतो. आज उघडे असलेले दार उद्याही उघडे असेल, आणि बंद होणारच असेल तर ते आधी कळेल, याची खात्री लागते. कल्याणच्या बाबतीत ती खात्री मोडली, करजक गावाच्या बाबतीत ती टिकली. हे मत घेऊन आता निफाडच्या कांद्याकडे येऊ.

बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, निफाड या भागांतील कांदा ट्रकने व रेल्वेने बंगालच्या सीमेपर्यंत जातो. पेट्रापोल हे आपले ठाणे, पलीकडे बेनापोल हे त्यांचे. कांदा हा नाशवंत जिन्नस. एक आठवडा ताडपत्रीखाली उभा राहिला की त्याला पाणी सुटते, कोंब येतात. २९ सप्टेंबर २०१९ रोजी देशातील भाव भडकल्यामुळे निर्यात एकाएकी बंद करण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीस आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी एका सभेत हसत हसत तक्रार केली : आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करावयास सांगितले आहे, पुढच्या वेळी बंदी घालण्यापूर्वी थोडी सूचना द्यावी. सभागृहात हशा पिकला. मागणी मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. बंदी घालूच नका, असे त्या म्हणाल्या नाहीत. आधी सांगा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मार्च २०२० मध्ये ती बंदी उठली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली, तीही तशीच अचानक. सीमेवर माल भरलेले ट्रक अडकून पडले. पुढे काही दिवसांनी वाटेत असलेल्या मालापैकी पंचवीस हजार टन कांदा बांगलादेशास जाऊ देण्यात आला. तोवर त्यातील काही कांदा सडला होता. जानेवारी २०२१ पासून निर्यात खुली झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क बसले, ८ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण बंदी आली. मार्च २०२४ मध्ये सहकारी निर्यात संस्थेमार्फत बांगलादेशास पन्नास हजार टन देण्याचे ठरले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण चाळीस टक्के शुल्क व किमान निर्यातमूल्य राहिले. सप्टेंबरात शुल्क वीस टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झाले. ही तारखांची माळ वाचकांना कंटाळवाणी वाटली असेल. कांदा लावणाऱ्याने मात्र रोप टाकताना, लागवड करताना आणि चाळीत साठवताना यांतील प्रत्येक तारखेचा अंदाज करावयाचा असतो, आणि तो कोणासही करता येत नाही.

सरकारची अडचण खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. शहरातील मजुराच्या ताटातील कांदा महाग झाला की त्याचीही हालअपेष्टा होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा हिशेब ठेवताना आम्हीही ती चिंता अनुभवली आहे. परंतु एकाएकी पडणाऱ्या दारांचा परिणाम बंदी उठल्यावरही संपत नाही. ढाक्याच्या व्यापाऱ्याने त्या महिन्यांत इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार, पाकिस्तान येथून कांदा मागवला. तेथील सरकारने आपल्याच शेतकऱ्यांना उत्पादन वाढवण्यास उत्तेजन दिले. मार्च २०२३ मध्ये तर बांगलादेशाने स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून आपल्या कांद्याच्या आयातीचे परवाने थांबवले आणि भाव वाढल्यावर जूनमध्ये ते पुन्हा सुरू केले. दार दोन्हीकडून लावता येते.

विदर्भातील संत्र्याची कथा याच वळणाची आहे. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागांतील संत्र्याला बांगलादेश हीच परदेशातील मुख्य बाजारपेठ होती. तेथील सरकारने २०१९ ते २०२३ या काळात संत्र्यावरील आयातशुल्क चौपटीहून अधिक वाढवले. निर्यात घटली, देशातील बाजारात संत्रे साचले, भाव पडला. झाड लावल्यापासून पहिले पीक हाती येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळात शेजाऱ्याचे शुल्क किती वेळा बदलेल, हे बाग लावणाऱ्यास कोण सांगणार?

दक्षिण आशियाई देशांनी याचा विचार केला नाही असे नाही. इस्लामाबाद येथे जानेवारी २००४ मध्ये मुक्त व्यापाराचा करार झाला व १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. तरीही या देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्क्यांच्याच आसपास राहिला आहे. आग्नेय आशियाच्या संघटनेत तेच प्रमाण सुमारे पाव हिस्सा आहे. करारात वगळलेल्या वस्तूंच्या लांबलचक याद्या, सीमेवर एका ट्रकमधून दुसऱ्यात माल चढविण्याची पद्धत, परस्परांच्या तपासणीवरचा अविश्वास ही त्याची काही कारणे. पाकिस्तानशी असलेला व्यापार तर २०१९ नंतर जवळजवळ संपलाच.

त्या मानाने एक छोटा प्रयोग आम्हांस आशादायक वाटतो. मेघालयाच्या सीमेवर कलाईचर येथे जुलै २०११ मध्ये भारत व बांगलादेश यांचा पहिला सीमा-हाट सुरू झाला. आजूबाजूच्या गावांतील लोकच तेथे दुकान मांडतात, आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मर्यादेपर्यंत खरेदी करतात आणि त्या मालावर जकात लागत नाही. भाजीपाला, फळे, मसाले, कापड, भांडी असा हा माल. उलाढाल फार मोठी नाही. पण वार ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, नियम दोन्ही बाजूंना ठाऊक आहेत. मावळातील कोणत्याही आठवडी बाजारास गेलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या दारातील गोष्ट. पवनेच्या खोऱ्यातील पॉलीहाऊसमधून फुलणारा गुलाब फेब्रुवारीच्या आधी परदेशी जातो, हे सर्वांस माहीत आहे. आमच्या काही विद्यार्थ्यांचे पालक तेथे छाटणी, तोडणी व प्रतवारीचे काम करतात. थंडीच्या सुरुवातीस झाडांची छाटणी साधावी लागते, म्हणजे नेमक्या आठवड्यात कळ्या तोडणीस येतात. देठाच्या लांबीनुसार वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधून त्या शीतगृहात ठेवतात आणि रात्रीच्या गाडीने मुंबईच्या विमानतळाकडे पाठवतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेपाळने रोग-किडीच्या धोक्याचे कारण देऊन भारत व चीन येथील ताज्या गुलाबाची आयात थांबवली, तीही फुलांना सर्वाधिक मागणी असलेल्या आठवड्याच्या तोंडावर. येथील गुलाबाची मुख्य गिऱ्हाइके दूरच्या देशांत आहेत. पण अशी अडचण कोणत्याही देशाकडून येऊ शकते. आणि कीड हे कारण नेहमीच निमित्त असते असे नाही. फुलकिडा व कोळी कापलेल्या फुलाबरोबर प्रवास करतात, हे फुलशेती करणारा जाणतो.

म्हणून आमच्या दहावीच्या मुलांकडून आम्ही या वर्षी एक छोटे काम करून घेतले. जवळच्या पॉलीहाऊसमध्ये जाऊन त्यांनी फवारणीची नोंदवही पाहिली : कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेस, आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी. निर्यातीच्या मालास लागणारे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र देण्यापूर्वी सरकारी अधिकारी माल कसा तपासतो, पलीकडच्या देशात त्या कागदावर कसा विश्वास ठेवला जातो, हे तेथील व्यवस्थापकाने त्यांना समजावून सांगितले. एका ठिकाणी नोंदी चार दिवस मागे पडल्या होत्या. एका मुलीने ते कामगारांच्या लक्षात आणून दिले आणि थोडी बोलणीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र वही पूर्ण झालेली होती.

निफाडच्या त्या मुलाने यंदा शाळेचे शेवटचे वर्ष पूर्ण केले. त्याच्या घरी या हंगामात कांद्याबरोबर थोडी द्राक्षे लावली आहेत. द्राक्षे कोणत्या देशात जातील, असे आम्ही विचारले तेव्हा त्याने त्या त्या देशाचे शुल्क, औषधांच्या अवशेषांची मर्यादा आणि मागच्या तीन वर्षांत नियम किती वेळा बदलले, हे वहीत लिहून आणलेले आम्हांस दाखविले. बांगलादेशापुढील रकाना सर्वांत लांब होता. तो त्याने पेन्सिलने भरला होता.